घराची उस्तवार, गावाची आठवण

मैत्रिणींनो, कुरडया-पापड डब्यांत गेले, वर्षाचे तिखट-हळद भरून झाले, लोणच्याच्या कैऱ्या बाजारात दिसू लागल्या, की आपल्या मनात एकच घोर सुरू होतो. मृग तोंडावर आला, आता घराचे कसे? गच्ची कुठे गळते, कवेलू कुठे सरकले, मागल्या भिंतीची ओल यंदा किती वर चढणार? दर वर्षी या सुमारास या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक याच काळजीची असतात. यंदाही तशी आली. त्यातले एक पत्र मात्र जरा वेगळे आहे, आणि आजचे सगळे सदर मी त्यालाच देणार आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी वर्धा शहराच्या जुन्या वस्तीत राहतात. घर आजेसासऱ्यांच्या वेळचे. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढे छपरी, मागे सांदवाडी आणि विहीर. मुले म्हणतात, हे पाडू आणि स्लॅबचे दुमजली घर बांधू. यजमान काहीच बोलत नाहीत. शेजारचे एक शिकलेले गृहस्थ म्हणतात की वर्ध्यासारख्या ऐतिहासिक गावात जुने घर पाडणे म्हणजे पापच. आणि या बाईंचे म्हणणे एवढेच की, आता माझे गुडघे सारवू देत नाहीत. मी कुणाचे ऐकू?

प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही हो. या प्रश्नाला उत्तर देण्याआधी थोडी वर्ध्याचीच गोष्ट पाहू या. आपल्या घरासारखेच गावालाही वय असते, डागडुजी असते आणि पाडापाडीही असते.

पालकवाडी कुठे गेली?

आपण वर्ध्याला जुने गाव म्हणतो, पण गावांच्या मानाने ते तसे तरुणच म्हणायचे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. मग १८६६ मध्ये नव्या ठाण्यासाठी जागा निवडली ती पालकवाडी नावाच्या खेड्याची. तिथली घरे पाडून जमीन सपाट केली आणि त्यावर सरळ, रुंद रस्त्यांचे नवे शहर आखले. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापसाच्या मुलखात रेल्वे आली म्हणजे काय होते ते सांगायला नकोच. बाजार आला, व्यापारी आले, पेढ्या आल्या, वाडे उठले.

आता क्षणभर थांबा आणि पालकवाडीचा विचार करा. तिथेही चुली होत्या, तुळशी होत्या, दर सकाळी कुणीतरी सडा घालीत होते. घर सपाट होताना कुठल्या बाईने काय उचलून नेले, जाते की पाटा, हे आज कुणाला सांगता येणार? सरकारी दप्तरात गावाचे नाव राहिले, घरांची मोजदादही केली असेल. पण त्या ओसऱ्या कशा होत्या ते गेले ते गेलेच. म्हणजे पाहा, आज ज्याला आपण ऐतिहासिक शहर म्हणतो, त्याची सुरुवातच मुळी जुनी घरे पाडून झाली. तेव्हा पाडणे हेच पाप म्हटले, तर सगळे वर्धा त्या पापावर उभे आहे. मला विचाराल तर खरी हानी पाडण्यात जेवढी आहे, त्याहून अधिक ती काहीही न टिपता पाडण्यात आहे. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिच्याकडे येऊ.

उंबरा तोच, वहिवाट नवी

दुसरी गोष्ट अशी, की इमारत तीच राहते आणि तिचे काम बदलते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचे. १९२८ साली जमनालालजी बजाजांनी ते हरिजनांना खुले केले. देव तोच, कळस तोच, उंबराही तोच; पण त्या उंबऱ्यावरून आत जाणारे पाऊल बदलले. मंदिराच्या भिंतीला कुणी हातही न लावता देवळाचा केवढा जीर्णोद्धार झाला!

मगनवाडीचेही तसेच. ती जमनालालजींची बागेची जागा. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याला ती मिळाली. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, कागद, असे सगळे प्रयोग तिथे जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली चालले. गांधीजी सेवाग्रामला जाण्याआधी तिथेच राहत. ३० डिसेंबर १९३८ रोजी त्यांच्याच हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाचे हे संग्रहालय आजही उघडे असते. मुलांना जाते, चरखा, घाणी हे शब्द पुस्तकात वाचून कळत नाहीत. तिथे ते डोळ्यांनी दिसतात.

मारवाडी विद्यालयाचे नाव नवभारत विद्यालय झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात तिथेच देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले आणि हाताने काम करीत शिकण्याची नई तालीमची कल्पना पुढे आली. सेवाग्रामला बिर्लांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात स्त्रिया आणि मुलांसाठी छोटा दवाखाना निघाला. डॉ. सुशीला नय्यर यांनी वाढवलेल्या त्या कस्तुरबा रुग्णालयाच्या जोडीला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालयही आले. आपल्यापैकी कितीजणींची बाळंतपणे तिथे झाली असतील! पाहुण्यांच्या घरात पहिला पाळणा हलला, याहून घराचे चांगले भाग्य ते कोणते?

तेव्हा शेजारच्या गृहस्थांना सांगावेसे वाटते की, जुने म्हणजे जसेच्या तसे, असे वर्ध्याने कधी मानलेले नाही.

मातीची कुटी टिकते कशी?

आता सेवाग्राम. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला आले. होय, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाची गल्लत होई, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम झाले. पहिले घर बांधले ते आदिनिवास. गांधीजींची अट अशी की खर्च शंभर रुपयांच्या आत हवा आणि साहित्य आसपासचेच हवे. माती, बांबू, सिंदी, कवेलू. सुरुवातीला गांधीजी, कस्तुरबा, पाहुणे सगळे त्या एकाच घरात. एकत्र कुटुंबात राहिलेल्या मैत्रिणींना त्याची कल्पना निराळी द्यायला नको!

आज आपण जिला बापूकुटी म्हणतो, ती आधी मीराबेनची. भिंतीवरची मातीची उठावाची नक्षी, ती ताडाची झाडे, ते मोर, तो ॐ, सगळे मीराबेनच्या हातचे. पुढे गरजेप्रमाणे कुटीला व्हरांडा जोडला, खोली जोडली, न्हाणीघर आले. आदिनिवासात कस्तुरबांना मोकळीक नसे, म्हणून जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी बा-कुटी बांधविली. बाईला दार लावून घेता येईल अशी स्वतःची चार भिंतींची जागा लागते, हे आश्रमातही कळले, बरे का!

ही कुटी पाहायला जगातून माणसे येतात. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचे विचारवंत सेवाग्रामला आले होते. कुटीत बसून राहिल्यावर त्यांना जे वाटले ते त्यांनी भाषणात सांगितले. माणूस जिथे राहतो ते घर, आणि माणूस जिथे आपले सामान ठेवतो ते निराळे, असा त्याचा मथितार्थ. आपल्या दिवाणखान्यांकडे पाहिले की हे बोलणे चांगलेच टोचते.

पण मैत्रिणींनो, येणारे पाहुणे एक गोष्ट क्वचित विचारतात. ऐंशी-नव्वद पावसाळे खाऊन मातीची भिंत उभी राहतेच कशी? तिच्यात जादू नाही. दर वर्षी तिची उस्तवार होते म्हणून ती उभी आहे. सारवण होते, कवेलू फेरले जातात, पावसाच्या झडीपासून भिंतींना सिंदीच्या पानांचे आच्छादन लावले जाते. एक वर्ष अंग चोरले, तर दुसऱ्या वर्षी भिंत तोंड उघडते. हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. मातीचे घर एकदा बांधून होत नाही, ते दर वर्षी थोडे थोडे बांधावे लागते.

आणि हे बांधणारे हात कुणाचे? आपल्या घरोघरी ते बायकांचे होते. मातीच्या गारव्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी कितीजणांनी हातात पोतेरे धरले आहे, ते एकदा विचारून पाहावे! सेवाग्रामची खरी नवलाई तिथे आहे. झाडणे, भांडी घासणे, संडास स्वच्छ करणे ही कामे तिथे पुरुषांच्याही वाट्याला होती. घरातल्या एका बाईच्या गुडघ्यांवर तिथे कुठलीच भिंत उभी नव्हती.

पवनारचेही उदाहरण मोठे बोलके आहे. धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ साली राहायला आले. तिथेच १९५९ मध्ये स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. जमीन खणताना तिथे जुन्या मूर्ती निघाल्या. राम-भरत भेटीची मूर्ती त्यातलीच. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने पवनारला रीतसर उत्खननही केले. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत होते. राजे गेले, राजवाडे गेले. त्या मातीवर भगिनींनी शेती केली, सापडलेल्या मूर्ती जपून ठेवल्या आणि आश्रमाची कामे आपापसांत वाटून घेतली.

रस्ते रुंद झाले तेव्हा

घरांचे झाले, आता रस्त्यांचे. बजाज चौक, सोशालिस्ट चौक, आर्वी नाका, इतवारा, ही नावे अजून तोंडी आहेत. पण रस्त्याच्या कडेचे ओटे कमी झाले. ओटा म्हणजे काय होता? दुपारी गहू निवडायची जागा, भाजीवाली टेकायची जागा, म्हाताऱ्यांची वाचनालये आणि नव्या सुनेला जग दिसण्याची खिडकी. आज त्या जागी शटर आले. शटरही पोटासाठीच असते, त्याला नावे कशाला ठेवा? पण उन्हात चालणाऱ्या बाईला क्षणभर टेकायला जागा उरली नाही, हे खरे.

१९८० साली गोपुरीला गीताई मंदिर झाले. त्याला छप्पर नाही. नुसत्या शिळांवर कोरलेली विनोबांची गीताई उघड्या आभाळाखाली उभी आहे. जवळच विश्वशांती स्तूप आला, १९९७ मध्ये हिंदी विश्वविद्यालय आले. वर्धा पूर्व नावाचे स्टेशन सेवाग्राम झाले. गाव वाढते आहे आणि ते वाढायलाच हवे.

मात्र २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. त्यात बायाही होत्या, पोरेही होती. शेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात त्या झाडांखालून ज्या चालत गेल्या आहेत, त्यांना झाड म्हणजे वारसा हे भाषणात सांगावे लागत नाही. भिंत पुन्हा बांधता येते. साठ-सत्तर वर्षांची सावली पुन्हा उभी करायला तेवढीच वर्षे लागतात.

तर मग त्या घराचे काय करावे?

भगिनी, तुमच्या घराचा निकाल मी इथून देणार नाही. पण दोन्ही वाटा सांगते, त्यातली तुमची तुम्ही निवडा.

घर ठेवणार असाल, तर पहिली अट ही की उस्तवार सगळ्यांची. मुलांना जुने घर नको असेल आणि यजमानांना हवे असेल, तर शाकारणीला माणूस शोधणे, माती आणणे ही कामे यजमानांच्या नावावर लिहा. तुमच्या एकटीच्या गुडघ्यांवर ते घर ठेवू नका. आत फरशी घालून घेतलीत तर काही बिघडत नाही. रोजचे सारवण वाचेल. मात्र मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. बाहेरून गुळगुळीत दिसते, पण आतली ओल आतच कोंडते, भिंत पोखरते आणि मग गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. त्यापेक्षा मातीत कुटार मिसळून, ती चांगली भिजवून, मुरवून लिंपावी आणि वरून चुन्याचा हात द्यावा.

पावसाआधी चार जागा पाहा. एक, छपराची वळचण भिंतीपासून पुरेशी पुढे आली आहे ना, नाहीतर पाणी भिंतीवर येते. दोन, जोत्यापाशी पाणी साचते का. साचत असेल तर चर काढून वाट करून द्या. तीन, भिंतीत पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते लहान असतानाच मुळासकट काढा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. चार, लाकडी खांब-आढ्याला बोटाने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला किंवा वाळवीची मातीची रेघ दिसली, तर सुताराला बोलवा. माकडांनी कवेलू फोडण्याची तक्रार तर आपल्या भागात घरोघरची आहे. त्यासाठी चार-दोन डझन जास्तीचे कवेलू सांदवाडीत रचून ठेवा, कारण आता कुंभार ते मागाल तेव्हा करून देतीलच असे नाही. मातीच्या घरांचे नवे प्रयोग पाहायचे असतील, तर देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सुरू केलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र वर्ध्याजवळ दत्तपूरला आहे.

घर पाडणार असाल, तर तेही मन न मारता करा. घर माणसांसाठी असते, माणसे घरासाठी नसतात. पण पालकवाडीसारखे करू नका. पहिली कुदळ पडण्याआधी एक आठवडा राखून ठेवा. एक दोनशे पानी वही घ्या. नातवंडाला टेप धरायला लावून प्रत्येक खोलीचे माप घ्या आणि नकाशा काढा, वेडावाकडा आला तरी चालेल. चूल कुठे होती, देवघर कुठे, उखळ कुठे पुरले होते, बाळंतिणीची खोली कोणती, ते लिहा. प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मागच्या अंगणाचाही. मुलांच्या फोनमध्ये ठेवून भागणार नाही. फोटो छापून वहीत चिकटवा. घरातल्या सगळ्यात वडील बाईला विचारून घरात कोण कधी आले, कुठली खोली कधी वाढवली, ते टिपून ठेवा. पुरुष मंडळी खरेदीखत जपतात. घरात कोण कसे जगले याचे खत आपल्यालाच लिहावे लागते.

दारे, चौकटी, खांब भंगारात देऊ नका. जुन्या सागाची चौकट नव्या घराला खुशाल बसते. विहीर बुजवू नका. तिच्यावर झाकण घालून गच्चीचे पाणी गाळून तिच्यात सोडता येते का, ते जाणकाराला विचारा. अंगणातले झाड नकाशात धरूनच नवे घर आखा. पश्चिमेकडे छपरी किंवा सावलीची जागा ठेवा, छत उंच घ्या, वर झरोके ठेवा. नाहीतर वैशाखात स्लॅबखाली भट्टी होईल आणि सगळा पैसा कूलरच्या बिलात जाईल. आणि जमले तर रस्त्याच्या बाजूला हातभर ओटा नक्की काढा. त्याला काही फार खर्च येत नाही.

सुट्टीतला एक कार्यक्रम

बाकीच्या मैत्रिणींसाठीही एक काम आहे. सुट्टीत मुले घरात धुडगूस घालतात ना? एका सकाळी, उन्हं चढायच्या आत, त्यांना घेऊन आपल्याच गावातल्या एका रस्त्याने चाला. वर्धेकरणींनी मगन संग्रहालयापासून सुरुवात करावी. हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या मैत्रिणींनी आपल्या बाजारपेठेपासून. कुठल्या घराला अजून लाकडी दिंडी आहे, कुठे दगडी जोते आहे, कुठल्या चौकाचे जुने नाव काय होते, ते मुलांना विचारायला लावा. उत्तरे दुकानातल्या म्हाताऱ्या शेठजींकडे, फुलवालीकडे, शाळेच्या जुन्या शिपायाकडे असतात. घरी आल्यावर मुलांकडून ती वहीत लिहून घ्या.

ही वही लोणच्याच्या बरणीसारखी जपा. आज तिचे महत्त्व वाटणार नाही. पण पुढे कधी त्या रस्त्याचे रूप पालटले, तर इथे काय होते असे विचारणाऱ्याला उत्तर देणारे एक तरी घर गावात असेल, आणि ते उत्तर तुमच्या अक्षरात असेल.

कवेलू फेरायला माणूस मात्र आजच सांगून ठेवा. मृग लागल्यावर तो सापडत नाही!